उडी पाडायला शिका: स्ट्रीट फायटर ६ मधला ऱ्यू, पहिल्या दिवसापासून

दिवाळीच्या सुट्टीत भाचा सांगलीहून आला होता. वय चौदा. त्याआधी महिनाभर मी स्ट्रीट फायटर ६ या दोघांच्या मारामारीच्या व्हिडिओ गेममधल्या ऱ्यू या पात्राचा एक लांबलचक कॉम्बो, म्हणजे एकामागून एक जोडलेल्या वारांची साखळी, घोकला होता आणि तो कुणाला तरी दाखवायला हात शिवशिवत होते. पहिल्याच सामन्यात त्याने केन हे पात्र निवडलं, उडी मारली, लाथ घातली, खाली उतरल्यावर पाय ओढून मला पाडलं. मी उठतोय तोवर परत उडी. असे सलग नऊ सामने हरलो. घोकलेला कॉम्बो एकदाही लागला नाही, कारण कॉम्बो सुरू करायला आधी एक फटका लागावा लागतो आणि तोच मला मिळत नव्हता. नवव्या सामन्यानंतर कंट्रोलर खाली ठेवत तो म्हणाला, "मामा, तू वर बघतच नाहीस."

त्यानंतर मी सराव मुळापासून बदलला. ज्यांनी नुकताच हा गेम घेतलाय, किंवा घेऊन दोन आठवड्यांत वैतागून बाजूला ठेवलाय, त्यांना माझा महिना वाया गेला तसा घालवावा लागू नये म्हणून हे लिहितोय. गेमिंगचा पूर्वानुभव लागत नाही. दिवसाला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तो रोज लागतो.

एकच पात्र, आणि तेही ऱ्यू

२ जून २०२३ ला गेम आला तेव्हा त्यात १८ पात्रं होती, नंतर भर पडत गेली. नवा माणूस आठवडाभर एकेक चाखत बसतो. चाखा, पण आठवड्याने थांबा. प्रत्येक पात्राची बटणं, लांबी, वेग वेगळा. पात्र बदललं की बोटांना लागलेलं वळण मोडतं, आणि रँकही पात्रागणिक वेगळी असल्यामुळे तिथेही पुन्हा पाटी कोरी.

ऱ्यू १९८७ च्या पहिल्या स्ट्रीट फायटरपासून आहे. त्याच्याकडे एक गोळा आहे, एक उडी पाडणारा वार आहे, एक फिरती लाथ आहे. या तीन गोष्टींचं कुणाशी कसं जमवायचं ते कळलं की खेळाचं व्याकरण कळतं. मग पुढे दुसरं पात्र घ्यायचं असेल तर खुशाल घ्या.

जाता जाता नावाबद्दल. हिंदीभाषक मित्र त्याला 'रायू' म्हणतात, इंग्रजीवालेही तसंच काहीतरी. मराठीत मात्र नेमकं हेच अक्षर आहे, वाऱ्यातलं आणि ताऱ्यातलं. ऱ्यू. एवढ्या बाबतीत तरी आपण जपान्यांच्या जवळ आहोत.

बसण्याआधीची मांडामांड

विकत घ्यायच्या आधी फुकट डेमो उतरवून बघा, त्यात ऱ्यू आणि ल्यूक खेळता येतात. तुमच्या लॅपटॉपवर गेम अडखळत चालत असेल तर ग्राफिक्स खाली आणा, वाटेल तितके खाली. हा गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो आणि सगळा हिशोब त्या फ्रेममध्येच असतो. चित्र धूसर असलं तरी चालेल, ते अडकून चालणार नाही.

कशाने खेळायचं? जे घरात आहे त्याने. प्लेस्टेशनचा पॅड असेल तर दिशांसाठी डावीकडची बटणं वापरा, गोल दांडी नको, कारण दांडीवर अंगठा नेमका कुठे आहे ते कळत नाही. साधा कीबोर्डही उत्तम चालतो. मोठ्या आर्केड स्टिकचा मोह पहिले सहा महिने आवरा. माझ्याकडे एक आहे. सध्या तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात.

कंट्रोलचे प्रकार गेम विचारेल. मॉडर्नमध्ये एका बटणावर खास वार निघतात, त्यांचा मार थोडा कमी लागतो आणि काही साधे वार मिळत नाहीत. क्लासिकमध्ये सहा बटणं: तीन पंच, तीन किक, लाईट-मिडियम-हेवी. मॉडर्न म्हणजे फसवणूक असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. दिवसभर ऑफिस करून रात्री वीसच मिनिटं मिळत असतील तर मॉडर्न घ्याच. मी क्लासिक धरून लिहितोय, पण यातलं बहुतेक सगळं दोन्हीकडे लागू पडतं.

ऑनलाइन खेळायचं तर राऊटरपासून वायर ओढा. सामना स्वीकारायच्या आधी समोरचा वायरवर आहे की वायफायवर, ते चिन्ह दिसतं. वायफायवाल्याला नकार देणं यात उद्धटपणा नाही.

आकड्यांची भाषा

या खेळाबद्दल कुठेही वाचायला गेलात तर २३६, ६२३ असे आकडे भेटतील. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर उजवीकडे जो अंकांचा चौकोन असतो तो डोळ्यांपुढे आणा. मधला ५ म्हणजे काहीच न दाबणं. ६ म्हणजे पुढे, ४ मागे, ८ वर, २ खाली, ३ म्हणजे खाली-पुढे तिरकं. तुमचं पात्र उजवीकडे तोंड करून उभं आहे असं धरायचं, दुसऱ्या बाजूला गेलात की सगळं आरशासारखं उलटतं.

तर हादोकेन, म्हणजे तो निळा गोळा: २३६ आणि पंच. शोर्युकेन, म्हणजे उडी घेऊन मारलेला ठोसा: ६२३ आणि पंच. तात्सुमाकी, फिरती लाथ: २१४ आणि किक. लहानपणी व्हिडिओ गेमच्या दुकानात आम्ही हादोकेनला 'आडुकेन' म्हणून ओरडायचो आणि तो निघाला तर तो योगायोग असायचा. एक रुपयाच्या नाण्यात किंग ऑफ फायटर्स ९७ खेळलेल्या आणि पुढे टेक्केन ३ मध्ये एडी घेऊन सगळी बटणं एकदम बडवलेल्या आमच्या पिढीची ही खोड मोडायला वेळ लागतो. एक बटण, एकदा, दाबून सोडायचं. सुरुवातीला हे फार हळू वाटतं.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला छळणारी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. तुम्ही हादोकेन मारायला जाता आणि मधूनच शोर्युकेन निघतो, हवेत जाता, खाली येईपर्यंत समोरचा मनसोक्त मारतो. कारण साधं आहे: तुम्ही पुढे चालत होता. पुढे चालणं म्हणजे ६. त्यावर २३६ जोडलं की गेमला ६-२-३ दिसतं आणि तो शोर्युकेन समजतो. उपाय: चालणं थांबवा, बोट उचला, मग २३६. ट्रेनिंग मोडमध्ये पडद्यावर तुम्ही दाबलेल्या बटणांची यादी दाखवायची सोय आहे, ती चालू ठेवा. आपण काय दाबलं आणि काय दाबलं असं आपल्याला वाटलं, यातली तफावत बघून सुरुवातीला लाज वाटेल.

रोजची सुरुवात अशी: डावीकडून १० हादोकेन, १० शोर्युकेन, मग उजवीकडून तेवढेच. मध्ये चुकला तर मोजणी पहिल्यापासून. चार-पाच मिनिटांत होतं.

पहिले पंधरा दिवस: पाचच गोष्टी

चालींची यादी उघडली की छाती दडपते. ती बंद करा. पंधरा दिवस एवढंच वापरायचं:

- खाली-मागे धरून बसणं. बहुतेक वार असे अडतात.
- बसून मिडियम किक. लांबवर पोचते, पायाला लागते, आणि तिच्या पाठोपाठ लगेच हादोकेन सोडता येतो.
- हादोकेन, दूरवरून. लाईट हळू जातो, हेवी जोरात. दोन्ही आलटून पालटून.
- बसून हेवी पंच, आणि हात बसला की शोर्युकेन. उडी मारून येणाऱ्यासाठी.
- थ्रो, म्हणजे समोरच्याला पकडून फेकणं: लाईट पंच आणि लाईट किक एकत्र. जो नुसता बसून राहतो त्याच्यासाठी.

या पाचांचं एकमेकांशी नातं आहे, ते समजून घ्या. तुम्ही दुरून गोळे सोडता, समोरच्याला कंटाळा येतो किंवा त्याचं नुकसान होत जातं, तो गोळ्यावरून उडी मारतो, तुम्ही खालून ठोसा घालता. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ पासून ऱ्यूचा संसार यावरच चालला आहे. पण यातला शेवटचा टाका, म्हणजे उडी पाडणं, येत नसेल तर गोळा सोडणं म्हणजे समोरच्याला घरी बोलावणं. म्हणून खरा सराव इथे आहे.

उडीची तालीम

उडी किती वेळाची असते? ऱ्यूची पाय वाकवण्यापासून जमिनीवर टेकेपर्यंत सुमारे ४५ फ्रेम, म्हणजे पाऊण सेकंद. पाऊण सेकंदात माणूस बटण दाबू शकतो, चाळिशीतलाही दाबू शकतो. माझी बोटं हळू आहेत म्हणून मी उड्या खातोय असं मला वाटायचं. तसं नव्हतं. मी माझ्याच पुढच्या चालीच्या विचारात असायचो. "आता बसून किक, मग गोळा, मग..." असं डोक्यात चालू असताना समोरचा हवेत गेलेला डोळ्यांना दिसतो पण बोटांपर्यंत निरोप पोचत नाही. भाचा म्हणाला ते शब्दशः खरं होतं.

हे मला कळलं ते असं. ट्रेनिंग मोडमध्ये डमी म्हणून केन घेतला. डमीला आपण स्वतः हलवून त्याच्या हालचाली रेकॉर्ड करता येतात, वेगवेगळ्या कप्प्यांत. पहिल्या कप्प्यात केनने माझ्याकडे उडी मारून हेवी किक घालायची, एवढंच ठेवलं. तो सारखा उडी मारतोय, मी खालून बसून हेवी पंच. तिसऱ्या दिवशी ३० पैकी २७ पाडल्या. स्वतःवर खूश झालो.

मग दुसऱ्या कप्प्यात रेकॉर्ड केलं: केन थोडं पुढे चालतो आणि बसून मिडियम किक मारतो. तिसऱ्यात: जागेवर उभा राहून हादोकेन. आणि तिन्ही कप्पे सरमिसळ वाजवायला लावले, कुठला कधी येईल ते सांगता येणार नाही असे. तोच मी, तीच बोटं. ३० पैकी ११.

म्हणजे पहिल्या तीन दिवसांत मी उडी पाडायला शिकलोच नव्हतो. ठरावीक ठेक्यावर बटण दाबायला शिकलो होतो.

तुम्ही थेट सरमिसळीवर येऊ नका, आधी दोन-तीन दिवस नुसती उडी पाडून अंतर आणि वेळ अंगवळणी पाडा. नंतर मात्र सरमिसळच. नियम असा: उडी दिसली की वार, बाकी काहीही आलं की खाली-मागे धरून अडवायचं. मुख्य म्हणजे अंदाजाने मारायचं नाही. केन उडी मारेल असं वाटून तुम्ही शोर्युकेन घातला आणि योगायोगाने लागला, तर तो मोजायचा नाही. फसला तर दोन चुका मोजा.

बसून हेवी पंच आणि शोर्युकेन, यातलं काय कधी? हेवी पंच सोपा, एक दिशा आणि एक बटण. थोडा लवकर घालावा लागतो, उडी उंचावर असतानाच. उशीर झाला तर दोघांनाही लागतं किंवा तुम्हालाच लागतं. शोर्युकेन उशिरा घातला तरी चालतो आणि मारही जास्त बसतो, पण घाईत ६२३ निघायला हात बसलेला हवा. मी महिनाभर फक्त हेवी पंच वापरला. त्याबद्दल अजिबात वाईट वाटत नाही. आणि उडी थेट डोक्यावरून पलीकडे जाणारी असेल तर पाडायच्या फंदात सध्या पडू नका. पलीकडे वळून अडवा.

दिवसाला ३० उड्या, दोन्ही बाजूंना. आठवड्यानंतर चौथा कप्पा भरा: केन जागच्या जागी वर उडी मारतो. तुम्ही बघता बघता चुकाल. कोल्हापूरकडे तालीम म्हणतात ती हीच. पाहुण्यांना दाखवण्यासारखं तिच्यात काही नसतं.

फ्रेम: हवं तेवढंच

फ्रेमचे तक्ते पाठ करणारी मंडळी आहेत. सुरुवातीला तुम्हाला तीन-चार आकडे पुरतात. सेकंदात ६० फ्रेम. ऱ्यूचा सर्वांत चपळ वार, लाईट पंच, चौथ्या फ्रेमला लागतो. थ्रो पाचव्याला. प्रत्येक वाराचे तीन भाग असतात: हात उगारणं, लागणं, सावरणं. ट्रेनिंग मोडमधला फ्रेम मीटर चालू केलात की पडद्यावर तिन्ही भाग वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांत दिसतात, आणि वार अडवल्यावर कोण किती आधी सावरलं तो आकडाही येतो.

याचा उपयोग एकच: तुमचा सारखा जीव घेणारा जो वार असेल तो डमीला रेकॉर्ड करा, अडवा, आणि मीटर बघा. भाचा पाय ओढायचा ती केनची बसून हेवी किक मी अशी पाहिली. अडवल्यावर केन इतका वेळ सावरत बसतो की जवळ असलो तर माझा मिडियम पंच आरामात लागतो. नऊ सामने मी तो पाय अडवल्यावर नुसता बघत बसलो होतो. मला वाटायचं, पाळी अजून त्याचीच आहे.

कॉम्बो तीन, त्याहून जास्त नाही

गंमत म्हणजे कॉम्बो हा प्रकारच ठरवून आलेला नाही. स्ट्रीट फायटर २ बनत असताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं की एका वारात दुसरा अडकवता येतोय. ती चूक त्यांनी काढून टाकली नाही आणि पुढे अख्खा खेळप्रकार तिच्यावर उभा राहिला. असो.

पहिला: बसून दोन लाईट पंच, पाठोपाठ लाईट शोर्युकेन. जवळच्या हातघाईत पटकन लागतो. पहिले दोन पंच अडले असं दिसलं तर शोर्युकेन घालू नका, हा संयम म्हणजेच अर्धा कॉम्बो. दुसरा: उभा मिडियम पंच, लाईट किक, हेवी किक. ही तीन बटणं ओळीने दाबली की गेम स्वतःच जोडून देतो, काही वळण लागत नाही. पाय अडवल्यावर हाच घालायचा. तिसरा: बसून हेवी पंच आणि लगेच हेवी शोर्युकेन. समोरचा मोठी चूक करून तुमच्यापुढे उघडा पडला असेल, म्हणजे त्याचा शोर्युकेन तुम्ही अडवलात आणि तो हवेतून खाली येतोय, तेव्हासाठी.

प्रत्येक कॉम्बो सलग पाचदा निघाला की त्या दिवशीचं काम झालं. गेममधल्या कॉम्बो ट्रायल्स मजेच्या आहेत, रविवारी करा. मी त्यांच्यातच महिना घालवला होता, आधी कळस मग पाया.

ड्राइव्ह: हिरव्या पट्टीचा जमाखर्च

जीवनरेषेखाली सहा खणांची ड्राइव्ह पट्टी असते. या गेमची नवलाई तीच आणि नव्यांचा घातही तिथेच. एकच खास वार दोन बटणांनी घातला की तो जबर होतो आणि दोन खण जातात. तीनदा घातलात की पट्टी रिकामी. मग बर्नआऊट: अडवतानाही जीव जातो, अडवल्यावर सावरायला जास्त वेळ लागतो, आणि भिंतीशी असताना समोरच्याने ड्राइव्ह इम्पॅक्ट घातला तर भोवळ येऊन तुम्ही उभेच्या उभे.

पहिला महिना पट्टी दोनच कामांना खर्च करा. एक, अडचणीत सापडून उठताना दोन पंच दाबून घातलेला शोर्युकेन, ज्याला सुरुवातीला कुणाचाच वार लागत नाही. तोही क्वचित, कारण अडला तर तुमची शंभरी भरली. दुसरं, समोरच्याच्या ड्राइव्ह इम्पॅक्टला उत्तर.

ड्राइव्ह इम्पॅक्ट म्हणजे रंगाच्या फवाऱ्यासह येणारा तो मोठा धक्का. हेवी पंच आणि हेवी किक एकत्र, एक खण. येताना तो तुमचे दोन वार अंगावर झेलतो, म्हणून घाबरून बटणं दाबत राहिलात तर फसता. लागायला २६ फ्रेम घेतो, अर्ध्या सेकंदाहून थोडं कमी. म्हणजे उडीपेक्षा वेळ कमी, पण आवाज आणि रंग इतका की दिसतं नक्की. उत्तर: तुम्हीही तेच दोन दाबा. उशिरा घातलेला जिंकतो. डमीचा सराव वर सांगितला तसाच, फक्त एका कप्प्यात इम्पॅक्ट भरा आणि बाकीच्यांत चालणं, बसून किक, उडी. दोन आठवड्यांनी खालच्या रँकमधले निम्मे लोक तुमच्यापुढे निरुत्तर होतात, कारण त्यांच्याकडे दुसरं काही नसतं.

ऱ्यूची स्वतःची एक गंमत: दोनदा खाली दाबून पंच केला की तो डेंजिन भरतो आणि पुढचा हादोकेन जोरकस होतो. समोरचा दूर पडला असेल तेव्हाच करा. जवळ कुणी असताना उभं राहून डेंजिन भरणं म्हणजे रेल्वे फाटकात बुटाची नाडी बांधणं.

सामने आणि वही

सराव वीस मिनिटं, मग रँकचे पाच सामने. पाचच. सहावा सामना नेहमी रागाचा असतो. रूकीपासून सुरू होऊन आयर्न, ब्रॉन्झ, सिल्व्हर असं वर मास्टरपर्यंत जातं, खालच्या पायऱ्यांवर हरण्याची किंमत फार नसते, तेव्हा आकड्याकडे बघू नका. सामन्याला बसताना एकच गोष्ट ठरवा: आज मी उड्या मोजणार. जिंकलो-हरलो दुय्यम. सगळ्या उड्या पाडून हरलो तर तो चांगला सामना.

मी शाळेची दोनशे पानी वही वापरतो. एक पान जसंच्या तसं:

"मंगळवार. सराव: उडी ३० पैकी १७ पाडल्या, ६ अडवल्या, ७ खाल्ल्या. सामने ५, जिंकले १. चौथा सामना, झांगिफ: जवळ येऊ दिला, संपलो. पाचवा, केन: कोपऱ्यात गेल्यावर तीनदा उडी मारून बाहेर पडायला बघितलं, तिन्ही वेळा पाडला गेलो. उडी मीच मारतोय!"

ती शेवटची ओळ लिहिताना लक्षात आलं की दुसऱ्यांच्या उड्या मोजता मोजता मी स्वतः किती उडतो ते कधी मोजलंच नव्हतं. घाबरलो की माझा अंगठा वर जातो. हे सामना खेळताना कळत नाही, नंतर रिप्लेमध्ये दिसतं. हरलेला एकच सामना निवडा आणि बटणांची नोंद चालू करून बघा. समोरच्याने काय भारी केलं ते बघू नका. तुम्ही एकच चूक तीनदा कुठे केलीत ते शोधा, तीच उद्याच्या डमीच्या कप्प्यात भरा.

जमलं तर शेजारी बसून खेळणारा माणूस मिळवा. लाहोरच्या अर्सलान ॲशने २०१९ मध्ये टेक्केन ७ ची ईव्हो जपान आणि मग लास व्हेगासची ईव्हो अशा दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, तेव्हा जगाला प्रश्न पडला की हा आला कुठून. तो घडला होता तिथल्या गेम पार्लरमध्ये, एकमेकांना रोज धूळ चारणाऱ्या पोरांच्या कोंडाळ्यात. आपल्याकडे अशी कोंडाळी कमी आहेत, पण दोन माणसांचंही कोंडाळं होतं.

आणि वयाचं कारण पुढे करू नका. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सप्टेंबर २०२३ मध्ये स्ट्रीट फायटर ५ ला पदक होतं. भारताकडून मयांक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते. सुवर्ण मिळालं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याला. वय ४४. मी हे घरात दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी बायकोने विचारलं, "मग त्याच्या घरी भाजी कोण आणतं?"

उडी थांबली की

दीड-दोन महिन्यांनी एक मजेशीर अडचण येते. तुम्ही पहिल्या दोन उड्या पाडल्यात की समोरचा उडायचं थांबवतो. आता तो चालत येतो. तुम्ही खाली-मागे धरून बसलेले, आणि तो तुम्हाला उचलून फेकतो, कारण थ्रो अडवता येत नाही. सोडवून घ्यावा लागतो: त्याने पकडलं त्या क्षणी तुम्हीही लाईट पंच-लाईट किक. लवकर दाबलंत तर तुमचाच थ्रो हवेत जातो आणि मार बसतो.

इथे बसल्या बसल्या थोडं थांबून दाबायची सवय लावावी लागते. खाली-मागे धरलेलं सोडायचं नाही आणि थ्रो सोडवायची दोन बटणं एक श्वास उशिरा दाबायची. वार आला असेल तर तो आधीच अडलेला असतो, थ्रो आला असेल तर सुटतो. डमीचे कप्पे पुन्हा पुसा: एकात पुढे येऊन थ्रो, दुसऱ्यात पुढे येऊन बसून लाईट किक तीनदा, तिसऱ्यात पुढे येऊन काहीच न करता थांबणं. पहिल्या दिवशी माझे ३० पैकी ८.

मे महिन्यात भाचा परत आला. तिसऱ्या सामन्यापर्यंत त्याच्या चार उड्या पाडल्या होत्या. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, आणि पुढचे सहा सामने मला नुसता फेकत राहिला.